विमानातल्या दिवाणखान्याचं कापड

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ, १९७२

आज डोकंच उठलं. मुंबईच्या एजंटने जंबो विमानाच्या माडीवरच्या दिवाणखान्याचं चित्र आणलं. सोफे, बार, पियानोसुद्धा. आकाशात पियानो कोण वाजवणार? सोफ्यांना आमचं जाड सुती कापड हवं म्हणे. हे लगेच चादरींचे माग थांबवायला निघाले.

मी विचारलं, "पेट घेतला तर?"

एजंट हसला. "वहिनी, रंग बघा."

मी अंगणात त्या कापडाच्या तुकड्याला काडी लावली. भपकन पेटला. तरी एजंट पियानोचंच कौतुक सांगत होता. तो जाळ बघून शेवटी ह्यांनीच त्याला वाटेला लावलं.

जेवताना हे म्हणाले, "एकदा तरी विमानात बसायला पाहिजे की."

दिवसभराची चिडलेली मी. तरी म्हणाले, "खिडकीजवळ मी बसणार."