पांढऱ्या रंगाचा तिसरा हात

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६ वाजून ५० मिनिटे.
या वेळेला आमचं विमान पहिल्यांदा उडालं आणि मी तिथे नव्हते. ठरलेली वेळ आठची. मी सात-चाळीसला चहाचा थर्मास घेऊन धावपट्टीवर पोचले, तर हे विमानाच्या चाकाशी उकिडवे बसून एकटेच हसत होते. अकरा मिनिटं हवेत होते म्हणे. अकरा वर्षं माझी गाडी उन्हापावसात उभी आहे, कारण गॅरेजात विमान बनतंय. पंखांवरचं कापड मी शिवलं. दोन हजार तीनशे गाठी, एकही सैल नाही. आणि मला अकरा मिनिटं बघायला मिळाली नाहीत.
मेकॅनिक म्हणाला, वहिनी, वारा पडला होता, आठपर्यंत थांबलो असतो तर सुटला असता. हे म्हणाले, अगं, तू समोर असतीस तर माझे हात कापले असते. चाळीस वर्षं समोरच आहे, तेव्हा कुठे कापले?
लेखी खुलासा मागितला आहे. मुदत बुधवार, संध्याकाळी पाच.
संकल्प: तोवर ह्यांच्याशी एक शब्द बोलणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
बोलले. ह्यांना घरात मीठ सापडत नाही, त्याला माझा इलाज नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.१०.
खुलासा नाही. तोंडी सॉरी म्हणाले. चौतीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळली. तोंडी सॉरीला आवक क्रमांक देता येत नाही.
नियम असा की चाळीस तास एकट्याने उडवल्यावर शेजारच्या सीटवर माणूस बसवता येतो. तो माणूस मी. हे ह्यांनी कबूल केलंय, तेही तोंडीच. मी बसणार असलेलं विमान नीटनेटकं असावं, ही अपेक्षा फार नाही. शेपटीची मागची हलणारी फळी, हे तिला एलेव्हेटर म्हणतात, तिच्यावर ब्रशचे ओरखडे दिसतात. कॉन्व्हेंटात सिस्टर शिवणाची उलटी बाजू आधी बघायच्या.
दुपारी धावपट्टीवरच्या शेडची किल्ली घेऊन गेले. एलेव्हेटरला पांढऱ्या रंगाचा एक हात दिला. कुणाला सांगितलं नाही. बघू, कुणाच्या लक्षात येतं ते.

शनिवार, १० फेब्रुवारी.
कुणाच्याही लक्षात आलं नाही. पुरुषांना डोळे कशाला दिलेत कोण जाणे.
दुसरं उड्डाण. या वेळी मी हजर, स्टॉपवॉचसकट. ताशी एकशे तीसच्या वेगाला ह्यांच्या हातातली सुकाणूची दांडी थरथरली. वेग कमी केला, थांबली. मेकॅनिकला प्रोपेलरचा संशय. मलाही तोच होता.
रंग डावीकडे जरा ओघळलाय.

रविवार, ११ फेब्रुवारी.
मेकॅनिकने प्रोपेलर उतरवला, तपासला, परत चढवला. ह्यांना विचारलं, दादा, मागे शेपटीत काही बदल केला का? हे म्हणाले, छे, ती जानेवारीत तोलली ती तोलली. मी तिथेच होते. बोलले नाही. रंग म्हणजे बदल नव्हे, निगा.
दोघे जेवायला गेल्यावर दुसरा हात दिला. खरं म्हणजे आधीचा घासून काढायचा असतो, पण वेळ नव्हता. ओघळ झाकला गेला. सुंदर.

शनिवार, १७ फेब्रुवारी.
तिसरं उड्डाण. या वेळी एकशे पंधरालाच थरथर. उतरल्यावर हे पाच मिनिटं आतच बसून राहिले. दार मी उघडलं. ह्यांचा हातमोजा काढायला गेले तर बोटं गार. म्हणाले, दांडी हातातून निसटू बघते गं.
दोष मेकॅनिकचा. त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, आता त्याचा संशय इंजिनाखालच्या रबरांवर गेलाय.
लेकीचा फोन. आई, बाबांना थांबव. मी म्हटलं, मी तुझ्या बाबांना कधी कशात थांबवलंय? तिकडून फोनच कट झाला. लाईन खराब असावी.

मंगळवार, २० फेब्रुवारी.
हे दोनदा ताटावरून उठले. एकच उड्डाण करतो म्हणाले. थरथरलं तर इंजिन विकायचं आणि बाकीचं कापून टाकायचं. माझ्या दोन हजार तीनशे गाठी कापणार! मी म्हटलं, खबरदार. खरं तर म्हणायचं होतं की उडू नका. तोंडातून खबरदार निघालं.
संकल्प: शनिवारी सांगेन, उडू नका म्हणून.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी.
शेवटचंच असेल तर निदान दिसायला तरी चांगलं दिसू दे. तिसरा हात. हा जाड दिला. डबा संपवला.

शनिवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ७.२०.
सांगितलं नाही. हे टोपी शोधत होते, मी शोधून दिली.
शंभरालाच शेपूट फडफडायला लागली. मला खालून दिसली, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखी. विमान धावपट्टीच्या पुढे शेतात उतरलं, चाक मोडलं, एका पंखावर कलंडलं. मी पळाले. गेल्या वीस वर्षांत पळाले नव्हते. ह्यांचं गळ्याशी हाड मोडलंय, बाकी शाबूत. हे म्हणाले, अगं, चपला घाल, काटे आहेत.

मंगळवार, २७ फेब्रुवारी.
विमान खात्याचे इन्स्पेक्टर आले. एलेव्हेटर उतरवून काट्यावर ठेवला. जानेवारीच्या नोंदीपेक्षा तीनशे चाळीस ग्रॅम जास्त. म्हणाले, ही फळी बिजागरीवर तराजूसारखी तोललेली असते. मागे वजन वाढलं की वाऱ्यात फडफडते. रंगाचे थर मोजले आणि विचारलं, नंतर कुणी रंगवलं?
मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. हात गळ्यात अडकवून हे खुर्चीवर बसलेले. म्हणाले, मीच.
ह्यांना आयुष्यात एक दार धड रंगवता आलेलं नाही. इन्स्पेक्टरने लिहून घेतलं. बांधणाऱ्याचा निष्काळजीपणा, लायसन्स दोन वर्षं रद्द. अडुसष्टाव्या वर्षी दोन वर्षं.
मी बोलणार होते. खोकला आला.

गुरुवार, २९ फेब्रुवारी. सकाळी.
सदऱ्याची बटणं लावून देताना विचारलं, खोटं का बोललात? म्हणाले, जाऊ दे गं. तुझं नाव आलं असतं तर तुला शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नसतं.
बटण चुकीच्या काजात गेलं. परत लावलं.

त्याच दिवशी, दुपारी ३. पत्राचा मसुदा. चौथा.
इन्स्पेक्टर साहेब, आपल्या अहवालात चूक आहे. एलेव्हेटरला रंगाचे तीन हात मी दिले: ७, ११ आणि २३ फेब्रुवारी. माझ्या पतीला कल्पना नव्हती. मेकॅनिकलाही नव्हती, त्याच्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे. रंगकाम उत्तम झालं होतं, हे वाक्य आधीच्या तिन्ही मसुद्यांत होतं. इथे गाळत आहे. निष्काळजीपणापुढे माझं नाव लिहावं, ह्यांचं लायसन्स परत द्यावं, आणि शेडमध्ये मला मनाई करायची असेल तर तसं कळवावं.
लेखी उत्तर शुक्रवार, १५ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत मिळावं. तोंडी चालणार नाही.