सवतीचा टाक

रावेत,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

विजूचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही सगळे नाशकात ठीक असाल असं धरून चालते. तुझ्या सुजितने दिवाळीचे फोटो पाठवले होते, त्यात तू बारीक झालेला दिसलास. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि सुजितला मध्ये घातलं, की निम्मं त्याच्या मनासारखं होऊन तुझ्यापर्यंत पोचतं. म्हणून पत्र लिहिते. फोर्जिंगच्या हातोड्यांनी तुझे कान नेले, पण डोळे शाबूत आहेत. हे पत्र तू एकट्यानं वाच.

मागच्या आठवड्यात महाळुंग्याला गेले होते. आपल्या खालच्या वावराच्या जागी आता गोदाम आहे आणि विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकून ट्रकवाल्यांचा चहाचा ठेला लागला आहे. चहा बरा होता. वाईट वाटलं का, असं विचारशील, तर फारसं नाही. जमीन गेली ते आपण विकली म्हणून. रडायचं असतं तर सही करतानाच रडायला हवं होतं.

मंडळाचं काम जोरात आहे. तू त्याला ‘मेलेल्यांची शिरगणती’ म्हणतोस, मला राग नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंत मुळात कोण राहत होतं आणि कारखाने उठले तेव्हा परगावाहून सगळ्यात आधी कोण आलं, हे घरोघर विचारायचं आणि प्रत्येक घराची वंशावळ मोठ्या तक्त्यावर मांडायची, एवढंच आम्ही करतो. आमचे खजिनदार शफीभाई तांबोळी गॅरेज मुलावर सोपवून कबरस्तानातले दगड वाचत फिरतात. परवा मला म्हणाले, “ताई, आमचा माणूस मेला तरी पत्ता सोडून जातो. तुम्ही लोक जाळून मोकळे होता. शोधायचं कुठं?”

खरी अडचण बायकांची आहे. सातबारावर त्या नाहीत, दगडावर नाहीत, आणि नातवंडांना विचारलं तर “आजी म्हणायचो” एवढंच उत्तर येतं. म्हणून मंडळात मीच ठराव मांडला, की सवतीचा टाक पुरावा म्हणून धरावा. पहिली बायको वारली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा आणि नवं लुगडं आधी त्या टाकाला लावून मगच नेसायचं, ही आपल्याकडची रीत. आपल्या आईनं, मंजुळाबाईनं, तो जन्मभर घातला. तर जिचा टाक सवतीच्या गळ्यात, ती वारली असं समजून तिच्या नावामागे ‘कै.’ लिहायचं. ठराव एकमताने मंजूर झाला. हरकत घेण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

जानेवारीच्या शेवटी चिंचवडला हॉल घेऊन आम्ही तक्त्यांचं प्रदर्शन भरवलं. आईचा टाक मी काचेखाली ठेवला होता. उद्घाटनाचं भाषण माझंच. मी म्हटलं, “पुरुषांची नावं देवळाच्या पायरीवर कोरलेली, आणि बाईचं नाव कुठे? तिच्या सवतीच्या गळ्यात! ज्या समाजात बाईची आठवण तिच्या जागी आलेल्या बाईनं वाहायची, त्या समाजानं स्वतःच्या इतिहासाचा अभिमान जरा बेतानं सांगावा.” टाळ्या पडल्या. युनियनच्या दिवसांत कारखान्याच्या गेटवर बोलायचे तेव्हा पडायच्या तशाच.

खाली उतरले तर एक पंचविशीतली मुलगी उभी. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, नाव स्नेहल. फर्स्ट शिफ्ट करून तशीच आलेली, गळ्यात कंपनीचं कार्ड.

“मॅडम, बोललात भारी. पण तक्त्यात एक मिस्टेक आहे.”

“कुठं? दाखव.”

तिनं तुझ्यामाझ्याच घराच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

तुझा गुडघा कसा आहे? वाटीचं ऑपरेशन करायचं की नाही, ते एकदाचं ठरव. सुजितच्या कंपनीचा विमा आहे तोवर करून घेतलेलं बरं. रावेतला आमच्या सोसायटीत दोघांनी केलं, दोघेही जिने चढतात.

हे मी काय लिहिते आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल. चाळीस वर्षं मी लोकांना मुद्द्यावर या म्हणून सांगत आले आणि इथे गुडघ्यामागे लपते आहे. तर आता मंडळाच्या नोंदीसारखं सरळ लिहिते.

बोट ‘कै. कस्तुरा, माहेर आंबेठाण’ या नावावर होतं. कस्तुराबाई वारलेल्या नाहीत, दादा. पिंपरीत राहतात. स्नेहल त्यांची नात. तुझी आई जिवंत आहे.

माझा विश्वास बसला नाही. मी शफीभाईंना घेऊन दुसऱ्या दिवशी पिंपरीला गेले. रेल्वेलाइनच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर आहे. ब्याऐंशीच्या आसपासची बाई कॉटवर बसलेली, पाठ ताठ. मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

“दत्तोबाची ना तू? नाक त्येच हाय. बोलतीस लय, म्हनती स्नेहल. बाप तर तोंड उघडायचा न्हाई.”

मी विचारलं, “अण्णा मारायचे का तुम्हाला?”

“न्हाई गं. बोलायचाच न्हाई. घरात बोलायचं न्हाई आन् भाईर पडू द्यायचं न्हाई. मारलं असतं तर मानसं तरी म्हनली असती, बिचारी.”

हकीगत अशी. तू वर्षाचा असताना त्या घर सोडून पिंपरीला आल्या. तेव्हा इथे औषधांचा कारखाना वाढत होता. बांधकामावर विटा वाहिल्या, मग कँटीनमध्ये भाकरी थापायला लागल्या. तुला बरोबर आणलं होतं. आठवड्यात आपले अण्णा चार माणसं घेऊन आले आणि तुला उचलून घेऊन गेले. त्या दोनदा महाळुंग्याला येऊन दारात बसल्या, पण दार उघडलं नाही. पुढे कारखान्यातल्या एका कामगाराशी त्यांनी लग्न केलं. तो माणूस लातूरकडचा, बौद्ध. मुलगा बुद्धरत्न, त्याची ही स्नेहल.

ही बातमी महाळुंग्यात पोचली आणि अण्णांनी त्यांचे दिवस घातले. जिवंत बाईचा दहावा, तेरावा. टाक घडवला आणि पुढच्या वर्षी लग्न करून तो आपल्या आईच्या गळ्यात बांधला. बाळंतरोगानं गेली, असं तुला सांगितलं, मला सांगितलं, गावाला सांगितलं. गावाला खरं ठाऊक होतं. दुसऱ्या जातीत गेलेली बाई मेलेली बरी, यावर सगळं गाव न बोलता एकमताचं झालं. जातीवर मी शंभर व्यासपीठांवरून बोलले आणि दर वेळी जात दुसऱ्यांच्या घरातली होती. अण्णांवर आता राग काढून उपयोग नाही. मी तो काढतही नाही. पण त्यांच्या नावामागे ‘गावचे आधारस्तंभ’ असं तक्त्यात लिहिलं होतं, ते मी खोडलं.

इथवर तू वाचलंस तर मला वाटतं, तू सावरशील. पुढचं लिहू की नको यावर मी तीन दिवस घालवले.

आईला ठाऊक होतं.

तुला आठवत असेल, आई पिंपरीच्या बाजाराला एकटी जायची. चाकणचा बाजार जवळ सोडून पिंपरी कशाला, म्हणून अण्णा कुरकुरायचे. ती कस्तुराबाईंकडे जायची. पहिल्यांदा गेली ती भांडायला. तिला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं, की तू घालतेस तो टाक जित्या बाईचा आहे. कस्तुराबाई सांगत होत्या, “दारात हुबी ऱ्हायली. गळ्यात टाक. मी म्हनलं, बया, मला गळ्यात घिऊन हिंडतीस व्हय? जड न्हाई व्हत? तर रडाय लागली. म्या तिला च्या पाजला. मला मेलीला भेटाय आल्याली पयली बाई.”

मग ती येत राहिली. तुझ्या गोवराची, सातवीच्या निकालाची, लग्नाची, सुजितच्या बारशाची, सगळी बातमी पोचवायची. एकदा तुझा जुना सदरा घेऊन आली. “ठिवून घेतला न्हाई म्या,” कस्तुराबाई म्हणाल्या. “पोरगं तिचं झालं व्हतं. सदरा ठिवला असता तर जीव तिकडंच वढला असता.” तुला सांगू नये, हे त्यांनीच आईकडून वदवून घेतलं. आई सात वर्षांपूर्वी गेली, तेव्हा कस्तुराबाईंना कळायला चार महिने लागले. सांगायला कुणी नव्हतं.

मी निघताना त्यांना विचारलं, टाक पाहायचाय का. “कुठं ठिवलाय?” “काचेखाली.” त्यांना हसू आलं. “म्हंजी आता पेटीत घातलं मला.” शफीभाई दुसरीकडे बघत होते.

आता कामाचं. तक्त्यांचं पुस्तक मार्चअखेर छापायला जातं. त्यात ‘कै.’ राहणार नाही. कस्तुराबाईंना मी विचारलं आहे, त्यांचा होकार आहे, आणि हयात माणसाचा होकार मंडळ सगळ्यांच्या वर मानतं. तुझी परवानगी मी मागत नाही. पण हे तुला पुस्तकातून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. आणि तू ये. स्टेशनवर मी घ्यायला येईन. बोलणं जमलं नाही तर नुसता बस.

सुनबाईला आशीर्वाद.

तुझी,
विजू


नाशिक,
१९ फेब्रुवारी

चि. विजूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. सुजितला दिलं न्हाई.

ती जिवंत हाय ह्ये मला सोसलं असतं. अण्णांनी काय केलं त्येबी सोसलं असतं, त्यांचा सोभाव आपल्याला म्हाईत हाय. पन आईला ठाऊक व्हतं ह्ये तू लिहायला नको व्हतंस. मी रात्रपाळी करून यायचो तवा ती जागी असायची. इतकं बोलायची माझ्याशी, आन् ह्येवढं पोटात ठिवून. मला आता तिचं कुटलं बोलनं खरं आन् कुटलं न्हाई, कळंना.

मी येनार न्हाई. तिथं आलो तर आईला खोटं पाडल्यावानी व्हईल. तुमचं मंडळ खरं शोधतंय तर शोधू दे. मला कुनी इचारलं न्हाई, मला खरं पायजे का म्हनून. तू लहानपनापासनं अशीच. समोरच्याच्या हातात काय द्यायचं ते द्यायचं, आन् मग म्हनायचं, आता तू बघ.

गुडघ्याचं उन्हाळ्यात करनार हाय.

तुझा दादा


रावेत,
४ मार्च २०२५

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तू माझ्याबद्दल लिहिलंस ते खरं आहे. बाकीच्यावर मी वाद घालणार नाही. वाद घालणं मला येतं, म्हणूनच घालत नाही.

तू येणार नाहीस, हे कस्तुराबाईंना सांगायला मी गेले होते. त्या मेथी निवडत होत्या. तू का येणार नाहीस तेही सांगितलं, आईला खोटं पाडल्यासारखं होईल म्हणून. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “मंजुळाचाच हाय त्यो. तिनं चांगलं केलं पोरगं.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “मला वाटलं व्हतं, नुसता पोसला आसंल.” स्नेहलनं चहा आणला. मला त्यांच्याकडे पाहवेना असं काही झालं नाही, मी पाहत होते. त्यांचा चेहरा एखाद्या अवघड सासरी पोरीचं बरं चाललंय असं कळलेल्या बाईसारखा होता.

मग मी मंडळाच्या बैठकीत गेले आणि भांडले. आमच्या तक्त्याची पद्धत अशी, की मुलाच्या नावाला आईकडून एकच रेघ यायची, जन्म दिला तिची. त्या नियमानं तुझ्या नावाची रेघ कस्तुराबाईंकडे जाते आणि आई नुसती शेजारी उभी राहते. मी म्हटलं, हे चालणार नाही. शफीभाई म्हणाले, “ताई, दोन रेघा काढल्या तर उद्या प्रत्येक घर दोन मागेल.” मी म्हटलं, मागू द्या, ज्यांनी मुलं वाढवली त्यांना रेघा मिळू द्या, छापखान्याची शाई संपत नाही. एका मतानं ठराव निसटता मंजूर झाला. ते मत शफीभाईंचं.

तेव्हा पुस्तकात तुझ्या नावाला दोन रेघा आल्या आहेत. कस्तुराबाई, हयात. मंजुळाबाई, कैलासवासी. दोन्ही रेघा एकाच जाडीच्या. आई खोटी पडलेली नाही. निदान कागदावर मी ती पडू दिलेली नाही. कागदापुढचं माझ्या हातात नाही.

पिंपरीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. स्नेहलचा नंबरही आहे, पण तो सुजितसाठी, त्याला सांगावंसं वाटलं तर.

उत्तराची घाई मला तरी नाही.

तुझी धाकटी बहीण,
विजू