नऊ फुटांचा हौदा

अकोला,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय फरजाना,

सलाम. अण्णांकडून तुला जय भीम. पेपर वाचता वाचता त्यांनी विचारलं, "कोणाले लिवते?" तुझं नाव सांगितलं तर चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, परत घातला, आणि म्हणाले, "मंग नीट लिव." ते होस्टेलला मला भेटायला येत तेव्हा तू त्यांना आधी जय भीम म्हणायचीस आणि ते तुला सलाम आलेकुम म्हणायचे, ते त्यांना अजून आठवतं.

अम्मींचे गुडघे कसे आहेत? तुझा दानियाल यंदा बारावीला असेल. मी हिशेब करून लिहिते आहे, कोणाला विचारून नव्हे. विचारायची सोय मीच ठेवलेली नाही.

तीन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, याचं तुला नवल वाटेल. फोनवर मी फार सफाईने बोलते. बोलून यंत्रं विकणं हाच माझा धंदा झाला. लिहिताना तेवढी सफाई जमत नाही, म्हणून कागद घेतला. मी विकलेली डाळमिल तुमच्या बचतगटाच्या खोलीत पोत्याखाली झाकून पडली आहे, हे मला ठाऊक आहे. गटातल्या बायकांनी त्यावरून तुला काय काय ऐकवलं, तेही कानावर आलं. त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी एक चांगली बातमी सांगते.

आमच्या कारखान्याचे मालक खुशालराव यांनी गेल्या आठवड्यात मला बोलावलं. "मायाबाई, जुनी गाडी आता खोकलून राह्यली. नवी पिकअप घेतो. पण निवडान तुमी. फिरायचं तुमाले आहे, मले नाही."

अकरा वर्षं मी यांची छोटी डाळयंत्रं गावोगाव दाखवत फिरते. पहिली चार वर्षं भाड्याच्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारी. पुढची सात स्वतः चालवून. तेल्हाऱ्यापासून शेंदूरजनाघाटापर्यंत असा रस्ता नाही की जिथला खड्डा मला तोंडपाठ नाही. पण गाडी कोणती घ्यायची, हे कोणी मला विचारेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मी उगाच दोन किलोमीटर लांबचा रस्ता घेतला. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस इतकं फुगतं, हे मला माहीत नव्हतं.

तू मला ओळखतेस. मी अकरा वर्षांच्या डायऱ्या काढून बसले. महिन्याला सरासरी साडेचार हजार किलोमीटर, तेवीस गावं. यंत्र, मोटर, वायरचं भेंडोळं, माझी पिशवी. दोन गाड्या मनात भरल्या. एक छोटी, गॅसवर चालणारी. खर्च कमी, गल्लीबोळात सहज वळते, यंत्र तिच्या मागच्या हौद्यात बरोबर मावतं. दुसरी डिझेलची, हौदा नऊ फूट लांब, अंगाने दांडगी, पेट्रोलपंपावर जास्त थांबणारी. दोन्ही चालवून पाहिल्या.

अण्णा सोबत होते. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्यांना घरी ठेवणं शक्यच नव्हतं. शोरूमचा पोरगा इंजिनाबद्दल सांगत होता, तर हे मागे जाऊन हौद्याचा फाळका उघड-बंद करत होते. "इंजिन सगळेच दाखवतात. दिवसातून दहा वेळा ज्याले फाळका उघडा लागते, त्यानं फाळका पाहावा." मग मी छोटीच्या पुढच्या सीटवर बसून पाय लांब करून पाहिले, आरसे पाहिले, पुन्हा उतरून टेपने हौदा मोजला, तर म्हणतात, "इतक्या बारकाईनं नवरदेव पायला असता तं आज मले नातवंडं असते." शोरूममधले सगळे हसले. मीही हसले.

मंगळवारपर्यंत सांगायचं आहे. सगळे आकडे छोटीच्या बाजूने आहेत. तरी माझं बोट तिच्यावर टेकत नाही. त्याचं कारण या पत्रात लिहिणार होते. तीन वेळा वाक्य सुरू केलं. आज इथेच थांबते.

तुझी,
माया


अकोला,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय फरजाना,

तुझं उत्तर नाही. ते यावं असं मी पहिल्या पत्रात काही लिहिलंही नव्हतं. मागचं पत्र टाकल्यावर त्याची जी नक्कल डायरीत ठेवली होती ती वाचली. अर्धं पत्र फुशारकीचं होतं. उरलेलं अर्धं टाळाटाळीचं.

आज सरळ लिहिते.

तुमच्याकडे यंत्र दाखवायला आले तो दिवस आठव. तुझ्या अंगणात वीस-बावीस बायका होत्या. मी यंत्र सुरू केलं, डब्यातली तूर ओतली आणि दहा मिनिटांत पिवळीधमक अख्खी डाळ खाली पडली. बायकांनी ओंजळीत घेऊन पाहिली. तेव्हा अम्मी खाटेवरून म्हणाल्या, "बेटी, तुरीले पयले तेल लागते. ऊन लागते दोन-तीन दिवस. आमी जात्यावर भरडतानी तसंच करत होतो." आणि मी हसून म्हणाले, "अम्मी, ते जात्याचं झालं. यंत्राला एवढं काही लागत नाही." सगळ्या हसल्या. अम्मीही हसल्या. मला वाटतं, माझ्या शिक्षणाचा मान ठेवायला हसल्या.

फरजाना, अम्मी खरं बोलत होत्या. तूर आधी एकदा यंत्रातून काढून सालीला ओरखडे पाडावे लागतात, मग तेल चोळायचं, रात्रभर झाकून ठेवायची, दोन-तीन उन्हं द्यायची, मगच डाळ अख्खी निघते. माझ्या डब्यातली तूर तशी तयार केलेलीच होती. अकोल्याहून मी ती करून आणायचे. दोन पत्र्याचे डबे, प्रत्येक फेरीला. गावात तीन दिवस थांबायला वेळ नसतो म्हणून सुरुवात केली. पहिल्या वर्षी मी सांगायचे की ही तूर तयार केलेली आहे. मग लोक विचारायचे, "म्हणजे इतकं करा लागते?" आणि उठून जायचे. हळूहळू ते वाक्य गळलं. कधी गळलं ते शोधायला डायऱ्या चाळल्या. किलोमीटर आहेत, गावं आहेत, जेवायला काय होतं तेही आहे. डब्यांचा उल्लेख एकदाही नाही. रोज करत होते ते एकदाही लिहिलं नाही, म्हणजे मला ते कळत होतं.

तुमच्या दिवसापुढे लिहिलंय: "अंजनगाव. बावीस महिला. डाळ उत्तम. फरजानाच्या हातचं जेवण."

पुढचं तू भोगलंस. गटाने घरची तूर सरळ यंत्रात टाकली, कारण मी तसं सांगितलं होतं. बायकांच्या हातात चुरी आली. घरोघरी हे काम जाणणाऱ्या बायका होत्या त्या, पण त्यांनी आपल्या सासूपेक्षा गाडीतून आलेल्या बाईवर विश्वास ठेवला. तू मला फोन केलास. मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेलच. "तुमची तूर ओली असेल. तुमच्या बायकांनी नीट वाळवली नसेल." तू विचारलंस, "माया, खरंच?" मी म्हणाले, "खरंच." त्यानंतर तू फोन केला नाहीस.

यंत्र खराब नव्हतं. तूर खराब नव्हती. तुमच्या बायकांचं काहीही चुकलं नव्हतं.

हे लिहून मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. आता गाडीचं सांगते, कारण ते याच्याशीच जोडलेलं आहे. छोट्या गाडीवर बोट टेकत नव्हतं, कारण तिच्यात यंत्र मावतं आणि दोन डबे मावतात. त्यापुढे काही नाही. ती गाडी घेतली असती तर पुढची दहा वर्षं मी तेच केलं असतं.

मंगळवारी खुशालरावांपुढे बसले आणि म्हटलं, मोठी हवी. नऊ फुटांच्या हौद्यात यंत्र ठेवून तेल चोळायचं पिंप, ताडपत्र्या आणि वाळवणाच्या चार चौकटी बसतात. गावात तीन दिवस थांबेन, त्यांचीच तूर त्यांच्यासमोर तयार करेन, चौथ्या दिवशी डाळ काढून दाखवेन. महिन्याला तेवीस गावांच्या जागी सहा.

"सहा?" त्यांनी पेन खाली ठेवला. "मायाबाई, तब्येत बरी आहे ना तुमची?"

मग डब्यांचं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मी समजत होतो तुमी तिथलीच तूर टाकता. म्हनूनच मशिना दुरुस्तीले वापस येतात अन् आमाले त्यात दुरुस्त करायले काही सापडत नाही. पोट्ट्यायले शिव्या देल्ल्या म्या. मशीन खोलून खोलून बेजार झाले ते."

मला वाटलं, आता नोकरी जाते. ते उठले, दारातून वर्कशॉपमध्ये आवाज दिला, "भगवंत, चार चौकटी बनवायच्या आहेत. मायाबाईकडून मापं घे." आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एक हंगाम पाहतो. फक्त एक."

बोलताना माझा आवाज कापला नाही, याचा मला अभिमान वाटला. घरी येईपर्यंत त्या अभिमानाची शंका यायला लागली. मालकापुढे खरं बोलणं सोपं होतं. त्यांचं मी काही बिघडवलं नव्हतं, पोरांनी खाल्लेल्या शिव्या सोडल्या तर. ज्यांचं बिघडवलं त्या बावीस जणी अंजनगावला आहेत. म्हणून हे पत्र.

माफी मागायची तर ती तुझ्या अंगणात, जिथे खोटं बोलले तिथेच. येऊ का, एवढं कळव. नको म्हणालीस तरी गाडी मोठीच घेतली आहे, ती बदलणार नाही.

माया


अकोला,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

प्रिय फरजाना,

काल दोन गोष्टी आल्या. सकाळी गाडी, दुपारी तुझं पत्र.

आधी गाडी. पांढरी आहे. शोरूमवाल्याने फोडायला नारळ पुढे केला, तर अण्णा म्हणाले, "चटणीले ठेव. गाडी रस्त्यानं चालते, नारळानं नाही." मग त्यांनीच पहिल्यांदा फाळका उघडला, खाली पाडला, त्यावर बसले आणि पाय हलवत बसून राहिले. ब्याऐंशीचे आहेत. म्हणाले, "बत्तीस वर्षं गाडी चालवली, पण आमाले कोणी विचारलं नाही, देवराव, तुले कोणती पायजे." त्यांचा चेहरा पाहून मी घाईने चाव्या शोधायला लागले. चाव्या हातातच होत्या.

अकोटपर्यंत नेऊन आणली. भरल्या ओझ्यावर, चढावर, खड्ड्यांतून. डाव्या बाजूला जरा ओढते, सवय होईल. भगवंतने केलेल्या चौकटी हौद्यात अशा बसल्या की मध्ये बोट जात नाही. मापं माझी होती. मी चार वेळा मागे जाऊन पाहिलं. आज पाचव्यांदा पाहिलं, आता हे लिहायला बसले.

तुझं पत्र मी गाडीतच बसून वाचलं. पोस्टकार्ड, आठ ओळी. पाठ झालं आहे, तरी इथे उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते मी नीट वाचलं याची तुला खात्री पटेल:

"माया, दोनी पत्रं भेटले. मी माफ-बिफ काही केलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीन वर्षं बायका मले म्हणून राह्यल्या का मैत्रिणीची मशीन गळ्यात टाकली. ते तू येऊन खोटं पाड, माह्याच्यानं झालं नाही. अम्मीले पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणतात, तिले लिव, तेल इथं आहे, ऊन इथं आहे, नवी तूर बी घरात आली. गाडी रिकामी आन. फरजाना."

आणि पत्त्याच्या बाजूला, बारीक अक्षरात: "नीमाखाली गाडी लावू नको. तिथं ऊन येत नाही."

सोमवारी सकाळी नऊपर्यंत पोहोचते. नव्या गाडीचं पहिलं गाव अंजनगाव. बावीसही जणींना बोलव, ज्या तुझ्याशी बोलत नाहीत त्यांनाही. आधी मी उभी राहून सांगेन, मग यंत्रावरचं पोतं काढू. तेल किती आणि कसं चोळायचं, ते मी सांगणार नाही. अम्मी सांगतील आणि मी करेन. चुकलं तर त्यांनी सगळ्यांसमोर टोकावं. गुडघे दुखत असतील तर खाट उन्हातच ठेव, तीन वर्षांपूर्वी होती तिथे.

डाळ कशी निघेल ते मला आज सांगता येत नाही. यंत्र तीन वर्षं बंद आहे, नव्या तुरीचा दाणा कसा आहे माहीत नाही, ढगही येऊ शकतात. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या गावाला निघते आहे आणि तिथे काय होणार हे मला ठाऊक नाही. आजच्या डायरीत हेच वाक्य लिहिलं. त्याखाली लिहिलं, की पत्र्याचे दोन डबे धुऊन अण्णांना दिले. एकात ते ज्वारी ठेवणार आहेत. दुसऱ्याचं अजून ठरायचं आहे.

तीन रात्री राहीन, चौथ्या दिवशी डाळ काढूनच निघेन. माझं अंथरूण माझ्यासोबत असेल. जेवायला घालायचं की नाही ते तू ठरव.

गाडी उन्हात लावणारी,
माया