कानातले स्पष्ट, डोळे धूसर

मी, 'फोटोकाका' म्हणून ओळखला जाणारा, वय एकोणसत्तर, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. नजर मात्र ठिकाणावर नाही. डॉक्टरांच्या मते उरलेली या वर्षात जाईल.

१. घर आणि स्टुडिओ माझ्या एकुलत्या एका मुलीला. चार वर्षे तिने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. तरीही तिलाच.

२. मोठा कॅमेरा समोरच्या स्टुडिओवाल्याला. "काका, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, त्यात माणूस मावणार कसा?" असे तो चारचौघांत म्हणाला, म्हणून मी इरेला पेटून हा घेतला. त्याचे खोटे नव्हते. चित्र टिपणारा हा सेन्सर मोठा असला, तर कमी उजेडातही चित्र स्वच्छ येते. पण लेन्स पूर्ण उघडली तर जेमतेम बोटभर भाग स्पष्ट येतो, बाकी सगळे धूसर. तो बोटभर भाग कुठे ठेवायचा, हे कॅमेरा ठरवत नाही. अंगण सरळच होते, मलाच नाचता आले नाही.

३. पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा मी त्याच कॅमेऱ्याने तिचे बासष्ट फोटो काढले. ती म्हणाली, "अहो, चष्मा तरी लावा." मी लावला नाही. तीन दिवसांनी ती गेली. फोटो मोठे करून पाहिले, तर बासष्टच्या बासष्ट फोटोंत कानातले लख्ख आणि डोळे पुसट. हे फोटो जाळावेत.

४. त्याच वेळी मुलीने फोनवर एक फोटो काढला होता. त्यात तिची आई हसत होती. मी खेकसलो, "हे काय खेळणं! पूस आधी." तिने माझ्यासमोर पुसला. नंतर मी तोच मागितला, तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्हीच पुसायला लावलात ना?" आणि निघून गेली.

५. जुना, लहान सेन्सरचा कॅमेरा मुलीलाच. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तोंडाने कधी म्हणालो नाही, म्हणून लिहून देतो.

६. भिंतीवरची रिकामी फ्रेमही तिचीच. पोरी, घराला कसलीही अट नाही. पण तो फोटो कुठे उरला असेल तर माझी नजर आहे तोवर एकदा दाखव. मला तुझ्या आईचे डोळे आठवेनासे झालेत.

साक्षीदार १: फ्रेमवाला. त्याने हटकले, "काका, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात." म्हणून त्यालाच सांगितले आहे, आजच जा आणि तिला वाचून दाखव.
साक्षीदार २: शेजारच्या शिंपीणबाई.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली
दिनांक: ९ मार्च

सही ओळीच्या खाली गेली आहे. ओळ दिसली नाही. सही माझीच आहे.