लातूरची साक्ष

३ फेब्रुवारी, सोमवार

गाठ परत आली आहे! आंघोळीत हाताला लागली. डावीकडेच, दिवाळीआधी होती तिथेच.

बाहेरून दयानंदांच्या हाका— "अगं, झालं का? कंधारची जीप थांबलीय!" एसटीतली कंडक्टरकी नसेल त्या दिवशी ते गावोगाव साक्ष द्यायला जातात. माझीच साक्ष. प्रार्थनेने माझी गाठ कशी विरघळली, हे माझ्या नवऱ्याच्या तोंडून अर्ध्या नांदेड जिल्ह्याने ऐकलं आहे.

डबा भरून दिला.

४ फेब्रुवारी

पेपरात एवढी वर्षं काढली, आज एक मथळा जमेना. क्रमाने लिहून बघते.

दिवाळीआधी सोनोग्राफीत गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासू. त्याआधी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी आमच्या घरी उपवास-प्रार्थना ठेवली. दयानंदांनी सगळ्यांदेखत गुडघे टेकून नवस केला— हिला बरी कर, दारूला शिवणार नाही. मग दुसरीकडे सोनोग्राफी केली. काहीच दिसलं नाही! दुसरं सेंटर, दुसरं यंत्र. बातमी कुणा परक्याची असती तर मी वार्ताहराला फैलावर घेतलं असतं. माझी होती म्हणून सुईसुद्धा टाळली.

आणि दारू खरंच सुटली. लग्न झाल्यापासून दार वाजलं की छातीत धस्स व्हायचं, ते थांबलं. मला गाठीपेक्षा हाच चमत्कार मोठा वाटला. म्हणूनच गप्प आहे. गाठ आल्याचं कळलं तर बाटलीही येईल.

६ फेब्रुवारी

शेवटी मंजुश्रीला सांगितलं. क्रीडा पान लावते, माझ्या शेजारी बसते. उदगीरची, लिंगायत. रडेल असं वाटलं होतं, ती भांडायलाच उठली. "ताई, तुमचा देव डॉक्टरवर रुसतो का हो? आमची सासू रोज महादेवाला बेल वाहते अन् बीपीची गोळी बी खाते. दोघांचं भांडण न्हाई लागलं कधी!"

हसू आलं. मग तिनेच फोन करून एका डॉक्टरबाईंकडे नंबर लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेत पाळकसाहेबांनी जाहीर केलं— पुढच्या रविवारी लातूरला आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची आरोग्य सभा, आणि "या वेळी तनुजाबाई स्वतः उभ्या राहतील!" टाळ्या. दयानंदांना घाम फुटला होता. गर्दीचा असेल. हल्ली पहाटे उठून प्रार्थना करतात, रडतात. बघून भरून येतं.

बायबलात आहे, भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रभूला शोधत आले. प्रभूने ओळखलं— हे पोटासाठी आलेत. दयानंद माझ्या गाठीसाठी आले. आणि मी? घरातल्या शांततेसाठी. मग त्याला त्याच्यासाठी शोधतं तरी कोण?

१० फेब्रुवारी

सुई घातली. शनिवारी रिपोर्ट.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कॅन्सर आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण ऑपरेशन लांबवू नका. दिवाळीत तपासलं असतं तर— हे त्या बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं.

घरी आले. दयानंद उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. सांगून टाकलं. त्यांनी वर बघितलंच नाही.

"लातूर होऊ दे. सोमवारी सांग मला."

"अहो, कॅन्सर आहे!"

"आज मी ऐकलंच न्हाई. ऐकलंच न्हाई म्हनलं ना, तनुजा!"

इस्त्री तिथेच राहिली, शर्ट करपला. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. ते पिऊन यायचे तेव्हाही नाही. यांना मी नको आहे, माझी साक्ष हवी आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

परतीची वाट. अहमदपूरला जीप चहाला थांबली आहे, तेवढ्यात लिहिते.

मंडप गच्च. आधी दयानंद उठले. रोज घडाघडा बोलणारा माणूस— "माझी बायको" म्हणाले आणि अडकले. मी माइक घेतला. "गाठ परत आली आहे. कॅन्सर आहे. मी प्रार्थना करते, आणि ऑपरेशनही करणार. तुमच्यात कुणाला गाठ असेल तर प्रार्थना करा, पण तपासून घ्या—" पुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. माइक बंद केला होता. पाळकसाहेबांनी गाणं सुरू करायची खूण केली.

मंडपामागे पाणी पीत होते. एक बाई जवळ आली. म्हणाली, केवळाबाई, रेणापूरकडची. "बाई, मला बी हाय. तुमच्या मालकानं आमच्या गावात साक्ष दिली, तवा दवाखाना सोडला म्या." तिने माझा हात धरला. "आता कुन्या डाक्टरकडं जाऊ?"

मंजुश्रीने नंबर लावून दिला होता त्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. बुधवारी नांदेडला येते म्हणाली.

दयानंद कनातीला धरून उभे होते. सगळं ऐकत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दयानंद समोर येऊन बसले. मला वाटलं, कालचा राग काढणार.

"संक्रांतीलाच नवस मोडला मी. भोकरला मुक्कामी गाडी असली की तिथं पिऊन राहिलो. वाटलं, साक्ष देत राहिलो तर देव तिकडं बघनार न्हाई, तुला काई व्हनार न्हाई." मग अगदी हळू— "माझ्यामुळंच आली ना गं गाठ?"

नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. त्यांना पटत नाही.