एमलिनचा निकाल येण्याआधी

मी, मेरेरिड प्रॉसर, वय सत्तावीस, शिक्षिका, दिवंगत गेथिन प्रॉसर यांची पत्नी, राहणार रोंडा खोरे, वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; सल्ले मात्र पुष्कळ दिले.

१. गेथिनला हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार होता. दात्यांच्या रक्तापासून बनवलेल्या, रक्त गोठवण्याच्या औषधातून त्याला एचआयव्हीची लागण झाली, त्याच्याकडून मला. त्याच्या अंत्यविधीत सगळे 'न्यूमोनिया' म्हणाले. माझ्या वेळी आजाराचे खरे नाव मोठ्याने घ्यावे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. खोटे शिकवून जाणार नाही.

२. घर व बचत माझा तान्हा मुलगा एमलिन याला. पुस्तके शाळेला. बहीण नेरिस साक्षीदार आहे, त्यामुळे कायद्याने तिला काही देता येत नाही. "म्हणजे फुकट सही करून हात हलवत जायचं?" असे तिने विचारले. आमच्याकडचे चपटे केक भाजायचा लोखंडी तवा तिला आजच देऊन टाकला आहे.

३. माझ्या रक्ताचे नमुने संशोधनासाठी वापरावेत. पुढच्या आईला बाळाच्या निकालाची इतकी वाट पाहावी लागू नये.

४. एमलिनचे पालकत्व. बापाचा हिमोफिलिया मुलग्यात उतरत नाही. माझा विषाणू उतरू शकतो. नेहमीच्या तपासणीत त्याच्या रक्तात प्रतिपिंडे दिसली, पण ती पोटात असताना त्याला मिळालेली माझीच असू शकतात. म्हणून विषाणूची जनुकेच शोधणारी चाचणी करायला दिली आहे. निकाल आलेला नाही.

त्याला सांभाळशील का, असे विचारल्यावर नेरिस म्हणाली, "निकाल येऊ दे गं, मग बघू." तिला स्वतःची मुले आहेत. मी रागावले होते, आता नाही.

सासूबाई ओल्वेन प्रॉसर यांनी बाळाला जन्मापासून उचलले नव्हते. मी टोचून बोलले, "आई, चावत नाही तो."

"त्याची नाही गं भीती. गेथिनच्या औषधाच्या बाटल्या फ्रिजमधून काढून याच तळव्यांत फिरवायचे, ऊब यावी म्हणून. सुईसुद्धा मीच टोचायचे. हे हात परत पोराला लावू?"

"ते हात होते म्हणून गेथिन चालत शाळेत गेला," मी म्हणाले आणि एमलिनला त्यांच्या मांडीवर ठेवले.

"निकाल?"

"नाही आला."

"बरं. याची टोपी कुठंय? कान गार पडलेत."

म्हणून ओल्वेन प्रॉसर यांना मी एमलिनच्या पालक नेमते. निकाल काहीही आला तरी हे कलम बदलणार नाही. तो ऐकून माझेही मन डगमगू नये, यासाठी सही आज करत आहे.

सही: मेरेरिड प्रॉसर

आम्हा दोघांच्या देखत तिने सही केली व तिच्या देखत आम्ही:
नेरिस पॉवेल, बहीण
टुडोर हॉपकिन, शेजारी

रोंडा खोरे, ११ फेब्रुवारी १९९१