गरम पाण्याला नऊ गुण

१४ डिसेंबर, नगर

सहादेवचा मेसेज वाचून डोकं फिरलं! भंडारदऱ्याच्या रिसॉर्टचे आम्ही सगळे आठवडेवाले — वर्षातला एकेक आठवडा प्रत्येकाच्या नावावर — आमचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यात हा गृहस्थ लिहितो, "इंटरनेटवर सगळ्यांनी पाच तारे द्या. आपणच आपल्या मालाला नावं ठेवली तर कसं व्हायचं?"

लगेच उत्तर ठोकलं. बत्तीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली. घोडेगावपासून खर्ड्यापर्यंत प्रदर्शनांत जनावरांना गुण दिले. सभापतींच्या बैलाला तोंडावर तिसरा नंबर दिलेला माणूस आहे मी. मला तारे शिकवू नका!

यंदा गुणपत्रिका घेऊनच जाणार. जनावरांची असते तशीच. दात, बांधा, चाल यांच्या जागी खोली, जेवण, पाणी.

१६ डिसेंबर

हिवरे बाजारहून अक्काचा फोन. तिलाही आठवडा घ्यायचाय — गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी दोन्ही वेळ गरम पाण्याचा शेक सांगितलाय, पण घरी असली की ही गोठ्यातून हलत नाही.

"वरसातून आठ दिस तरी पाय सोडून बसंन म्हन्ते. पन वाल्मिक, येकच सांग. गरम पानी कायम असतं का रं तिथं? तू म्हनशील तसं करीन. त्या कंपनीच्या पोरांवर माझा इस्वास न्हाई."

म्हटलं, अक्का, दहा-बारा दिवस थांब. जाऊन, तपासून, गुण देऊन लेखी कळवतो.

भागिरथी शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "खर्ड्याला माझ्या भावाचा बैल आला, तेव्हा तुम्ही खुर्ची सोडून चहाच्या टपरीवर जाऊन बसला होतात ना?"

बसलो होतो! नियमच आहे तो. आपलं किंवा आपल्या माणसाचं जनावर रिंगणात आलं की पंचाने उठायचं. पण रिसॉर्ट म्हणजे काही बैल नव्हे. बायकोला कुठला मुद्दा कुठे लावावा कळत नाही.

२१ डिसेंबर, भंडारदरा

पोचलो. खिडकीतून तलाव दिसतो. दोन गुणपत्रिका काढल्या — एक मला, एक भागिरथीला. आठवडा संपेपर्यंत एकमेकांची बघायची नाही. याला म्हणतात तटस्थपणा!

२२ डिसेंबर

सकाळी नळाला गार पाणी. रिसेप्शनवर रुपाली म्हणून मुलगी असते. "सोलरचं आहे सर. ढग आले की असं होतं." ढग काही मला दिसला नाही. पण डोंगरावर ढग सांगून येत नाहीत.

गार पाण्यानेच आंघोळ उरकली. काय सांगू, अंग कसं हलकं झालं! शहरात आपण उगाच लाडावलोय. भागिरथीने मात्र चहाच्या किटलीत पुन्हा पुन्हा पाणी तापवून बादली भरली. तास गेला तिचा.

२३ डिसेंबर

पाणी गारच. हवा उत्तम.

२४ डिसेंबर

पोह्यात मीठ जास्त. एक गुण कापला. आपलं रिसॉर्ट म्हणून गय नाही. कापला म्हणजे कापला!

२५ डिसेंबर

आज पाणी आलं! कोमट होतं. कोमट म्हणजे गरमच की.

२७ डिसेंबर, नगर

घरी आलो. बेरीज केली — शंभरात सत्त्याऐंशी. गरम पाणी दहापैकी नऊ. दहाच देणार होतो, पण आम्ही डोळे झाकून गुण देत नाही हे सहादेवला कळायला हवं. सगळं इंटरनेटवर टाकलं. शेवटी ठणकावून लिहिलं — 'मी इथला आठवडेवाला आहे, तरीही हे परीक्षण तटस्थ आहे.'

मग भागिरथीची पत्रिका पाहिली. गरम पाणी — शून्य! तिला गुण द्यायचा सराव नाही, त्याला ती तरी काय करणार. "अक्कांना माझीपण वाचून दाखवा," म्हणाली. हो म्हटलं आणि कपाटात ठेवून दिली. म्हातारीचा उगाच गोंधळ व्हायचा.

२ जानेवारी

अक्काने सही केली! माझं परीक्षण तिने नातीकडून, वृषालीकडून, दोनदा वाचून घेतलं म्हणे. "धापैकी नऊ म्हन्जी लई झालं रं! आन तू कुनाला फुकट गुन देत न्हाईस." ऊर भरून आला. अठराला दोघी निघणार आहेत.

९ जानेवारी

घरचा गिझर बंद! ऐन थंडीत! दुकानदाराला चार फोन केले. म्हणतो, "काका, दोन दिवस गार पाण्याने भागवा." भागवा? माझं वय काय, थंडी काय! चांगला झापला आणि दुकानाला इंटरनेटवर एकच तारा दिला. अर्धा देता येत असता तर अर्धाच दिला असता.

भागिरथी स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. कशाला, ते सांगेना.

१९ जानेवारी

सकाळी भंडारदऱ्याहून अक्काचा फोन. मी आधी तेच विचारलं — गरम पाणी आहे ना? म्हणाली, "काल न्हवतं, आजबी न्हाई. पन गार पान्यानं अंग कसं हलकं व्हतं रं! आन आता आपलाच आठवडा हाय, त्याला कशाला नावं ठिवायची?"

मागून वृषाली रडवेली होऊन ओरडत होती, आजीचे गुडघे सुजलेत, तिला पलंगावरून उठता येत नाहीये. अक्का म्हणाली, "पोरीचं मनावर नको घिऊ. म्याबी नऊच देनार हाय."

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. भागिरथी गरम पाण्याची पिशवी घेऊन केव्हाची गाडीत जाऊन बसली आहे. कपाटातून तिची गुणपत्रिका काढली. निघतो.